गोडा मसाला फळीवर ठेवलाय

ती. सौ. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

पार्सल गुरुवारी मिळालं. जाड पिशवीवर आईच्या अक्षरात ‘गोडा – यंदाचा’ वाचलं आणि पिशवी न उघडताच वरच्या फळीवर ठेवली. बंद पिशवीतूनही वास येत होता. आई, तो मसाला मला सध्या चालत नाही. का, ते आता सांगायलाच हवं.

चार महिने मी फोनवर व्हिडिओ लावत नाही, नेट नीट नाही म्हणते. नेट चांगलं आहे. माझा खालचा ओठ सुजतो. सकाळी तो इतका जाड नि ताठ असतो की कप ओठांत धरता येत नाही, चहा हनुवटीवर ओघळतो. ओठाला मधोमध चीर पडलीय, आणि गालाच्या आतून जीभ फिरवली की गोट्या बसवल्यासारखं लागतं. तुमच्यापासून लपवलं, चुकलं माझं.

ओठाचा छोटा तुकडा काढून तपासलाय. कर्करोग नाही. दुसऱ्याला लागणाराही आजार नाही. नाव मोठं आहे, ओरोफेशियल ग्रॅन्युलोमॅटोसिस. हे नाव १९८५ मध्ये पडलं. आतड्यांच्या क्रोन्स आजारातही तोंड असंच होतं, म्हणून डॉक्टरांनी पोटाचीही नीट चौकशी केली. पोट ठीक आहे.

यात बऱ्याच जणांना दालचिनी आणि बेन्झोएट बंद केल्यावर उतार पडतो. इथे लंडनमध्येच यावर अभ्यास झाला, २००६ साली तो छापून आला. म्हणून मलाही १२ आठवड्यांचं पथ्य दिलंय. बेन्झोएट म्हणजे सॉस, सरबतं, बाटलीतली लोणची टिकवायला घालतात ते. इथे पाकिटांवर ई २१० ते ई २१९ असे आकडे असतात. दुकानात मी चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचत उभी असते, अगदी बाबा औषधाच्या गोळ्यांची पट्टी वाचतात तशी. काही फळांत, विशेषतः क्रॅनबेरीसारख्या बेरींत, ते मुळातच असतं. टूथपेस्टसुद्धा बदलावी लागली.

आणि गोड्या मसाल्यात तर दालचिनी आहेच. शिवाय तमालपत्र! ते दालचिनीच्याच जातीचं झाड, हे मला इथे येऊन कळलं. लवंगही माझ्या बंद यादीत आहे. आमटीला मग उरलं काय, असं वाटून पहिल्या आठवड्यात मी खरंच रडले.

आता एक विनंती. हे वाचून आत्याला फोन होईल, आणि ‘उष्णता आहे, वांगं सोड, दूध सोड, भात सोड, गुलकंद खा’ असं सगळं येईल. माझ्या काळजीनेच येईल, ते कळतं मला. पण मी ते करणार नाही. सगळंच एकदम सोडलं तर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही, आणि अंगात ताकद राहणार नाही ती वेगळीच. जे सांगितलंय तेवढंच सोडायचं, तेही मुदतीपुरतं. फरक पडला तर एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा, नाही पडला तर पथ्य थांबवून औषधांकडे वळायचं.

सध्या पाचवा आठवडा चालू आहे. चीर भरत आलीय. सूज कधी कमी, कधी तशीच. काल मात्र कप नीट धरता आला.

आई, तुला काही करून पाठवल्याशिवाय चैन पडणार नाही, हे माहीत आहे. दालचिनी, लवंग, तमालपत्र वगळून एखादा साधा मसाला होईल का? त्यात काय काय घालशील ते आधी लिहून पाठव, मी इथल्या आहारतज्ज्ञ बाईंना दाखवते. त्यांनी हो म्हटल्यावरच भाजायला घे. आणि तुझ्या गोड्या मसाल्याची पिशवी मी टाकणार नाही, कुणाला देणारही नाही.

रविवारी तुमच्या संध्याकाळी ६ वाजता फोन करते. व्हिडिओ लावेन. ओठ बघून घाबरू नका.

तुमची,
मनू