वहीत सापडलेली चूक

पुणे,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गाडी वेळेवर पोचली. डबा भुसावळ यायच्या आतच संपवला. ठेचा शेजारच्या सीटवरच्या आजींनाही आवडला.

फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही. बाबा मध्येच "हो हो, कळलं" म्हणतात आणि आई गुडघ्याचा विषय काढला की भाजीवर जाते. म्हणून लिहून पाठवते. चार दिवसांत घरातल्या दिव्यांचं काय काय बदललं आणि माझं कुठे चुकलं होतं, हे तुमच्याकडे कागदावर असलेलं बरं. पत्र टीव्हीखालच्या खणात ठेवा. वायरमनकाका आले तर त्यांनाही दाखवा.

आधी आईचा गुडघा.

सहा महिने मी धरून बसले होते की पॅसेजमधला, हालचाल ओळखून दिवा लावणारा सेन्सर खराब आहे. बॅटरी बदलली, मग नवीन सेन्सर मागवला. इथे बसून रोज नोंदी बघायचे, तर त्यात सगळं ठीक दिसायचं: हालचाल दिसली, दिवा लागला, दोन मिनिटांनी बंद झाला. आणि तिकडे आई मला सांगायची, "मी मधोमध असतानाच जातो गं, काहून जातो काय माहीत." मला वाटायचं, झोपेत वेळेचा अंदाज चुकत असेल. आई, तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. तो कूलरच्या स्टँडचा लोखंडी कोपरा तुझ्या गुडघ्याला लागला तो सेन्सरमुळे नाही, मी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे.

हे मला गुरुवारी सकाळी कळलं, बाबांची वही उघडल्यावर. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर तुम्ही दिव्यांच्या नोंदी ठेवता हे मला माहीतच नव्हतं. त्यातली ही ओळ मी तीनदा वाचली:

"१४ मे. मी उठलो ३.०५. ही उठली ३.०६. दिवा ३.०७ ला गेला, ही पॅसेजमध्ये."

माझ्या संगणकाला "हालचाल" एवढंच कळतं. कोण उठलं, एक माणूस की दोन, हे तुमच्या वहीत होतं.

बाबा, तुम्ही वर्गात फळ्यावर पक्ष, साध्य, सिद्धता लिहायचात, तसंच दिव्याच्या प्रोग्रॅमलाही तीन गोष्टी लागतात: काय घडलं की सुरू व्हायचं, कोणती अट पाळायची आणि मग काय करायचं. पॅसेजचं असं होतं: हालचाल दिसली की, रात्री अकरा ते सकाळी सहा असेल तर, दिवा लाव, दोन मिनिटं थांब, बंद कर. यात चौथी एक गोष्ट असते, ती मी लिहिलीच नव्हती. हे काम चालू असताना पुन्हा हालचाल दिसली तर काय? आपण काही लिहिलं नाही, तर होम असिस्टंट, म्हणजे छोट्या संगणकावरचा दिवे सांभाळणारा प्रोग्रॅम, "एकेरी" पद्धत धरतो. हातातलं काम पुरं होईपर्यंत नव्या निरोपाकडे बघत नाही. म्हणजे बाबा ३.०५ ला उठले, दोन मिनिटांची मोजणी सुरू झाली. ३.०६ ला आई उठली, ती सेन्सरला दिसली, पण मोजणी चालू होती म्हणून तिचा निरोप सोडून दिला. ३.०७ ला बाबांची दोन मिनिटं भरली आणि दिवा गेला. आई अंधारात.

तुम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी उठलात त्या रात्री काही झालं नाही. पाठोपाठ उठलात की हे व्हायचंच. दुरुस्ती एका शब्दाची होती, "रीस्टार्ट". आता प्रत्येक नव्या हालचालीला मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दोनाची तीन मिनिटंही केली. गुरुवारी रात्री बाबा आणि मी मुद्दाम मागेपुढे चाललो, बाबा मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजत होते आणि आई पलंगावर बसून सांगत होती, "आहे, आहे, अजून आहे." त्या रात्री मी खूप दिवसांनी शांत झोपले.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. "दिवा लागलाच नाही" असं जिथे जिथे आहे, त्या बहुतेक तारखा एप्रिलअखेरच्या नाहीतर मे महिन्यातल्या आहेत आणि पुढे लिहिलंय "कूलर बंद". उलट "कोणी नसताना लागला" याच्यापुढे "कूलर सुरू". हा सेन्सर डोळ्यासारखा बघत नाही. अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यातला फरक तो ओळखतो. अकोल्याच्या मे महिन्यात दिवसभर तापलेली भिंत रात्री तीनलाही आपल्या अंगाइतकी गरम असते, मग त्याला माणूस आणि भिंत सारखीच. आणि कूलरच्या गार हवेचा झोत थेट त्याच्यावर आला की त्याला वाटतं, काहीतरी बदललं. मी तो दाराच्या चौकटीवर लावला होता, अगदी कूलरच्या रेषेत. पुण्यात माझ्या घरी तीच जागा चालली, म्हणून तिकडेही तीच निवडली. आता तो पलंगाच्या खाली आहे, फरशीपासून वीतभर वर. शहाबादी फरशी भिंतीपेक्षा गार राहते, त्यामुळे खाली टेकलेले पाय त्याला वेगळे दिसतात. शिवाय पाय त्याच्या समोरून आडवे जातात. त्याच्या भिंगाने समोरची जागा पट्ट्यापट्ट्यांत वाटलेली असते. माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की त्याला लगेच कळतं, सरळ अंगावर चालून आला तर उशिरा कळतं. आई, झाडताना त्याला केरसुणीचा धक्का लागला तरी घाबरू नकोस, फक्त तोंड पुन्हा दाराकडे करून ठेव.

बाथरूमचं थोडक्यात. बाबा आत बसलेले असताना दिवा जायचा, कारण स्थिर बसलेला माणूस या सेन्सरला दिसत नाही. आता दाराला एक छोटा चुंबकाचा सेन्सर लावलाय. दार बंद झालं आणि त्यानंतर आत एकदा हालचाल दिसली, तर दार उघडेपर्यंत आत माणूस आहे असंच धरायचं, मग अर्धा तास लागो. आतून कडी लावू नका, पण दार ओढून घ्या. अर्धवट उघडं राहिलं तर पंधरा मिनिटंच मिळतील.

मध्यरात्री सगळे दिवे एकदम लागायचे, त्याचं कारण इन्व्हर्टरपाशी सापडलं. लाइट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात स्मार्ट बल्ब आणि काही बोर्डांत मी आधीच बसवलेली मॉड्यूल (बटणामागे बसणारे, दिवा चालू-बंद करणारे छोटे तुकडे) बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची, आणि सुरू झाल्यावर काय करायचं याचं सेटिंग कारखान्यातून "चालू" असं आलेलं होतं. मी ते बघितलंच नव्हतं. आता "आधी होता तसा" केलंय. आणि राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच! दिवे इन्व्हर्टरवर चालू, पण त्यांना निरोप देणारं कोणी जागं नाही. वायरमनकाकांनी तो टीव्हीच्या बोर्डावर आणून दिला, शेजारचा छोटा संगणकही तिथेच. इंटरनेट गेलं तरी आता काही अडत नाही, सगळं घरातल्या घरात चालतं. आधीचे बल्ब कंपनीच्या सर्व्हरला विचारून लागायचे, ते मी काढून टाकले.

बल्ब काढायचं खरं कारण मात्र वेगळं, आणि ते आईला सांगायचंय.

आई, तू रोज झोपण्याआधी घरभर फिरून एकेक बटण बंद करतेस. मी लहान असल्यापासून तुझ्या त्या टकटकीवरून ओळखायचे की आता निजानीज. मी स्मार्ट बल्ब लावले आणि तुझ्या बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, "हे बटण बंद करू नये." पाच चिठ्ठ्या. बटण बंद केलं की त्या बल्बचा वीजपुरवठाच जातो, मग त्याला फोनवरून काय आणि सेन्सरवरून काय, कसं सांगणार? वर पलीकडच्या खोलीतल्या सेन्सरचा निरोप त्याच बल्बमधून पुढे जायचा, तोही तुटायचा. मी तुला फोनवर दोनदा रागावून बोलले की बटणाला हात लावू नकोस म्हणून. आणि तू तुझ्याच घरात अंधारात बटण चाचपायची आणि चिठ्ठी हाताला लागली की हात मागे घ्यायची. हे बाबांनी सांगितलं, तू नाही.

तुझं बरोबर होतं. बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे आणि पुन्हा दाबलं की गेला पाहिजे. म्हणून आता साधेच नऊ वॅटचे एलईडी बल्ब आहेत आणि मॉड्यूल बटणामागे, बोर्डाच्या आत. तू बटणाने लाव, सेन्सर लावो की मी इथून लावू, दिव्याला तिन्ही सारखंच, आणि संगणक बंद पडला तरी बटण चालतं. चिठ्ठ्यांचे डाग खोबरेल तेलाने पुसले, दोन ठिकाणी अजून थोडे चिकट लागतात.

याला दोन दिवस गेले, कारण आपलं वायरिंग जुनं. बोर्डात फेज येते आणि दिव्याकडे जाणारी वायर निघते, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, मात्र वरच्या वर छतातून होल्डरला गेलेली. मॉड्यूलला जागं राहायला थोडी वीज सतत लागते. बोर्डात न्यूट्रल नसली तर ते ती दिव्यातूनच ओढतं. जुन्या साठच्या बल्बला त्याचा पत्ताही लागला नसता, पण एलईडीला तेवढ्यानेही उजेड फुटतो. आई, देवघरातला दिवा बंद केल्यावरही मिणमिणतो असं तू म्हणायचीस तो भास नव्हता. काकांनी शेजारच्या प्लगच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून आणली आणि मिणमिणणं त्याच क्षणी थांबलं. बाबा मेन स्विच पाडून, टेस्टर हातात धरून स्टुलापाशी उभे होते. दर वेळी "आधी तपास, मग हात लाव" म्हणत होते, दहावीला घरातला फ्यूज बदलायला शिकवताना म्हणायचात तसंच.

जिन्याची दोन्ही बटणं वर आहेत की खाली, याला आता अर्थ राहिला नाही. कुठलंही हलवलं की दिवा बदलतो. एखादं मॉड्यूलच जळालं तर मात्र त्या बटणाने दिवा लागणार नाही. एक सुटं मॉड्यूल आणि कुठली वायर कुठे, याचं चित्र पत्राच्या मागे जोडलंय.

तुळशीपाशी मी साडेसहाची वेळ लावून ठेवली होती. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो आणि जूनअखेर सात वाजून जातात, तेव्हा वर्षभर एक वेळ कशी पुरणार? आता तो दिवा रोजच्या सूर्यास्ताला लागतो. तुझी सांजवात झाल्यावर तू बटणाने बंद केलास तरी चालेल.

आणि आई, झिरोच्या बल्बचं तुझंच खरं. "रात्रभर झिरोचा बल्ब राहू दे की," असं तू पहिल्या दिवशी म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. जुने झिरोचे बल्ब नावालाच झिरो, पंधरा वॅटपर्यंत खायचे. आताचा एलईडीचा अर्ध्या वॅटचा येतो. रात्री दहा तास चालला तर दोनशे रात्रींनी एक युनिट. इतक्या कमी खर्चात पॅसेज कधीच पूर्ण अंधारा राहत नाही, सेन्सर झोपला तरी. शुक्रवारी गांधी रोडवरून आणून लावला तो राहू दे. त्याला मी कशालाही जोडलेलं नाही, साधा प्लगमध्ये आहे.

आता जे तोंडावर बोलायला जमलं नाही ते.

बाबा, पॅसेजच्या नोंदी बघताना मला तुमचं रात्रीचं उठणंही दिसत होतं. दिवाळीच्या सुमारास एकदा, फार तर दोनदा. आता चार वेळा, एखाद्या रात्री पाच. मी हे बिघाड शोधायला बघत होते, पण दिसायचं ते दिसलंच, आणि तुम्हाला न विचारता दिसलं, याचं मला वाईट वाटलं. म्हणून रात्रीच्या हालचालींच्या नोंदी माझ्या फोनवर येणं मी बंद केलंय. त्या घरातल्या संगणकावरही एका दिवसानंतर पुसल्या जातील. तुम्ही कधी उठता हे मला कळायचं असेल तर तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल.

पण हे "वयाचं" म्हणून सोडू नका. प्रोस्टेट असेल, साखर असेल, संध्याकाळी घेता त्या बीपीच्या गोळीची वेळ असेल, बऱ्याच कारणांवर साधा उपाय असतो. डॉक्टर विचारतील की किती दिवसांपासून, रात्री किती वेळा. तुम्ही दिव्यासाठी लिहिलेल्या वेळांत ते सगळं आहे. मी पुढच्या शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, शनिवारी सकाळी आपण तिघं जाऊ. दुधाची वही सोबत घ्या.

तुमची,
लेक