गुगलचा ग्राफ बघा, पण तळपायही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी त्वचेच्या कॅन्सरवर लेख आला होता, त्यात गुगल ट्रेंड्सचा, म्हणजे कुठला शब्द गुगलवर कधी किती शोधला जातो ते दाखवणारा ग्राफ टाकून लोकांचा या आजारातला इंटरेस्ट कसा कमी-जास्त होतो ते दाखवलं होतं. विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू, कारण मराठी पेपरात या कॅन्सरवर फारच कमी छापून येतं. पण आपल्याकडची रेषा अगदी खाली दिसते आणि ते वाचून हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याला काय त्याचं, असंच कुणालाही वाटेल, आणि ते मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय. माझं धायरीत मेडिकल आहे, बी. फार्म. झालेली आहे, दिवसभर काउंटरवर असते, त्यामुळे लोक अंगावरचं काय दाखवतात आणि मोबाईलमध्ये काय शोधून येतात हे दोन्ही रोज बघायला मिळतं.

पहिलं त्या ग्राफचं. ट्रेंड्सवर जो आकडा दिसतो तो किती जणांनी सर्च केलं त्याचा आकडा नसतो. आपण जो काळ आणि जी जागा निवडतो त्यात तो शब्द एकूण सर्चमध्ये सगळ्यात जास्त वाट्याने ज्या दिवशी किंवा महिन्यात शोधला गेला त्याला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात मोजतात. म्हणजे एप्रिल-मे मध्ये सगळे आयपीएलचा स्कोअर शोधत बसले तर कॅन्सर शोधणारे तेवढेच असूनही त्यांचा वाटा कमी दिसू शकतो. शिवाय हे सगळं सर्चच्या एका सॅम्पलवरून काढतात, आणि शोधणारे फार थोडे असतील तर थेट ० दाखवतात. आता इतका कमी शोधला जाणारा विषय, तोही मराठीत, तोही एका शहरापुरता बघायला गेलं तर रेषा सपाट नाहीतर तुटक तुटक येणारच की. त्या शून्याचा अर्थ कुणालाच काळजी नाही असा घेता येत नाही.

हा डेटा कामाचाच नाही असं मी म्हणत नाहीये, उलट चांगला कामाचा आहे, २००४ पासूनचा फुकट उपलब्ध आहे आणि लोक डॉक्टरांनाही जे विचारायला लाजतात ते गुगलला विचारतात. अमेरिकेत त्वचेच्या कॅन्सरचे सर्च उन्हाळ्यात वर जातात हे संशोधकांनी यातूनच दाखवलं. २०१५ मध्ये तिकडच्या केंटकीतल्या एका नर्सने टॅनिंग बेडच्या (कातडी सावळी करायला मशीनच्या अल्ट्राव्हायोलेट किरणांखाली झोपायच्या) सवयीनंतर झालेल्या त्वचेच्या कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना आपल्या जखमांनी भरलेल्या चेहऱ्याचा सेल्फी फेसबुकवर टाकला, तो व्हायरल झाला आणि त्या दिवसांत त्वचेच्या कॅन्सरचे सर्च एकदम उसळले, त्यावरही नंतर रीतसर अभ्यास झाला. त्याआधी २०१३ मध्ये हॉलीवूडचा नट ह्यू जॅकमनने नाकावर पट्टी लावलेला फोटो टाकून आपल्याला बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचाच एक प्रकार, झाल्याचं सांगितलं होतं, लोकांना सनस्क्रीन लावा, तपासून घ्या म्हणून विनवलं होतं. कुणीतरी ओळखीचा चेहरा समोर येतो, बातमी येते, ऊन वाढतं, की लोक शोधायला लागतात. म्हणजे लोकांचं लक्ष कधी असतं ते या ग्राफवरून कळतं, आणि सांगणाऱ्याने नेमकं तेव्हाच सांगायचं असतं.

पण लक्ष किती आहे यावरून आजार किती आहे ते काढायला गेलं की गडबड होते, हे गुगलनेच अनुभवलंय. २००८ मध्ये त्यांनी फ्लू ट्रेंड्स सुरू केलं, लोक काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ डॉक्टरांकडून आकडे यायच्या आधी ओळखायची अशी कल्पना होती. सुरुवातीला सगळ्यांना फार भारी वाटलं. मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्यांचा अंदाज डॉक्टरांकडे गेलेल्या खऱ्या पेशंटच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ते बंदच केलं. आपल्या पुणेकरांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही. ऑगस्ट २००९ आठवा, स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला आणि नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या, मास्क मिळेनात, शाळा बंद, साधी शिंक आली तरी लोक घाबरत होते. त्या आठवड्यात जे कुणी मोबाईलवर, सायबर कॅफेत स्वाइन फ्लू शोधत होते ते सगळे काही आजारी नव्हते, घाबरलेले होते. त्वचेच्या कॅन्सरचं बरोबर याच्या उलटं आहे. इथे ज्यांना आजार आहे त्यांना भीतीच वाटत नाही, त्यामुळे ते शोधतच नाहीत.

का वाटत नाही, तर आपल्याकडे तो वेगळ्या जागी होतो. आपल्या कातडीत मेलानिन, म्हणजे कातडीला काळा रंग देणारं द्रव्य, जास्त असल्यामुळे उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर कमी होतो हे खरंच आहे, भारतात सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा १ टक्क्याच्या आसपासच सांगतात. पण जो होतो त्यातला मेलानोमा, म्हणजे हा रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आपल्या लोकांमध्ये बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊन लागतच नाही तिथे. जमैकाचा गायक बॉब मार्ले तसाच गेला, १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा सापडला, आधी फुटबॉल खेळताना लागलंय असंच वाटत होतं, १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. दुसरा प्रकार जुन्या भाजल्याच्या व्रणावर नाहीतर वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेवर होतो. आणि आपल्याच डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेला होणाऱ्या कॅन्सरवर लिहून ठेवलंय, साडीच्या परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून तिथे काळं पडतं, घासून घासून जखम होते, आणि त्यातून असाच कॅन्सर झालेल्या बायकांच्या केसेसही डॉक्टरांनी नोंदवल्यात. यातलं काहीही सनस्क्रीनच्या लेखात येत नाही. परदेशातला लेख, परदेशातला फोटो, गोरी पाठ आणि त्यावर तीळ. आपली माणसं ते बघतात आणि पान उलटतात.

मागच्या पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याच्या गावातल्या एक मावशी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "पोरी, पायाला कुरूप झालंय, ते गोल चिकटवायचं मिळतं ना ते दे." मी म्हटलं दाखवा आधी. चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला तर टाचेच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा डाग होता, एका बाजूने काळा कुळकुळीत आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी, कडा वेड्यावाकड्या, मध्ये थोडं वर आलेलं आणि तिथून पाणी येत होतं. कुरूप असं नसतं, ते कडक असतं, पिवळट असतं, दाबलं की कळ येते. मावशींना दुखतच नव्हतं. भातलावणीला चिखलात उभं राहून झालं असेल म्हणून त्यांनी बिब्बा घातला होता, चुना लावून झाला होता, कुणीतरी दिलेली क्रीमही लावून झाली होती आणि दोन पावसाळे असेच गेले होते. नातू कॉलेजला जाणारा, हुशार मुलगा, त्याने मोबाईल पुढे केला. त्याने शोधलं होतं, "पायावरचा काळा डाग कसा घालवायचा". आणि आलं काय तर लिंबू चोळा, बेसन आणि दही लावा, बटाट्याचा रस लावा, आठ दिवसांत डाग गायब.

त्या पोराने शोधलं नाही असं कोण म्हणेल? आजीची काळजी होती म्हणूनच शोधलं ना. पण त्याच्या सर्चमध्ये कॅन्सर हा शब्दच नव्हता, त्यामुळे तुमच्या ग्राफमध्ये तो कुठेच नाही, गेला असेल तर सौंदर्याच्या घरगुती उपायांत गेला असेल. मी त्यांना कॉर्न कॅप दिली नाही, थेट स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बायोप्सी (डागाचा छोटा तुकडा काढून तपासणी) झाली, मेलानोमाच निघाला, टाचेचा भाग काढून मांडीची कातडी लावावी लागली, जांघेतल्या गाठीही काढल्या. ड्रेसिंगचं सामान माझ्याकडूनच नेतात. दोन पावसाळे आधी तोच डाग छोटा आणि पातळ असताना काढला असता तर बहुतेक एवढ्यावर आलंच नसतं, कारण मेलानोमा किती खोल गेलाय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सर्च डेटा बघायचा तर आपल्या लोकांच्या तोंडी जे आहे ते टाकून बघा. तीळ मोठा झाला, चामखीळ काळी पडली, नखात काळी रेघ, जखम भरत नाही, पायाला काळा डाग, ज्यातून रक्त येतं असा फोड. लोक मराठीत टाईप करतात, इंग्लिश अक्षरांत मराठी टाईप करतात, आता तर बोलूनच शोधतात. तिथे लोकांना पहिल्या पानावर काय मिळतं ते तुमच्यासारख्या पेपरच्या वेबसाइटने एकदा बसून बघावं आणि बरोबर त्याच प्रश्नाला धरून एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून साध्या भाषेत लिहून घ्यावं. त्या पोराला लिंबाऐवजी असं पान मिळालं असतं तर? आजार मोजायचा असेल तर त्याला कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवणारी यंत्रणा, आहे, मुंबईची १९६३ पासूनची देशातली पहिली, पुण्याचीही आहे, ते काम तिथल्या लोकांना करू दे. सर्चवरून आपण एवढंच शिकायचं की माणूस अडल्यावर काय विचारतो.

आता वेळेचं. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून तुम्ही दरवर्षी फोटो छापता, त्या दिवसांत अल्ट्राव्हायोलेट किरणांचा मारा इथे वर्षातला जवळपास सगळ्यात जास्त असतो. माझ्याकडे सनस्क्रीन मार्चपासूनच उठायला लागतं, पोरी स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून गाडीवरून येतात आणि टॅन जाण्यासाठी काय आहे ते विचारतात. कातडीचा विषय लोकांच्या डोक्यात असतो तो याच दिवसांत, मग त्याच पानावर, सनस्क्रीनच्या शेजारी, एक तळपायाचा फोटो आणि एक काळी रेघ आलेल्या नखाचा फोटो छापा, गोऱ्या माणसाचा नको, आपल्या रंगाच्या माणसाचा. रेघ रुंद होत चालली, नखाच्या बाजूच्या कातडीवर काळेपणा उतरला, डागाचा आकार किंवा रंग बदलतोय, जखम महिनाभरात भरत नाही, एवढं लिहिलं तरी पुष्कळ आहे. आणि सुरी लागली की कॅन्सर पसरतो ही भीती काढायला दोन ओळी हव्यातच, कारण मावशीही बायोप्सीला त्याच भीतीने दोन आठवडे तयार नव्हत्या. बायोप्सीने पसरत नाही, न केल्याने वेळ जातो.

एक विनंती माझ्याच व्यवसायातल्या लोकांनाही आहे, ती पण छापा. काळा डाग दाखवला की स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब काढून द्यायची हे बंद झालं पाहिजे. ती औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतातच, आणि डाग थोडा फिका झाल्यासारखा वाटतो, खाज थांबते, माणूस निर्धास्त होतो आणि त्यात महिने जातात. गिऱ्हाईक नाराज होऊन पुढच्या मेडिकलला जातं हे मलाही माहीत आहे, तरी नाही म्हणा.

आणि पुण्याकडे तर अशी एक संधी आहे जी दुसऱ्या कुठल्याच शहराला नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेत, नाना पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा ठिकठिकाणी आरोग्य शिबिरं असतात, वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल लावतात, फोडांना मलमपट्टी करतात. एवढे शेतकरी, एवढे अनवाणी चालणारे तळपाय एरवी कोण तपासणार? कित्येकांकडे गुगल शोधायला स्वतःचा फोन नसेल, असला तरी त्यात हे कुणी शोधणार नाही. प्रत्येक शिबिरात त्वचेचा एक डॉक्टर, नाहीतर निदान मलमपट्टी करणाऱ्या पोरांना अर्ध्या तासाचं ट्रेनिंग आणि शंका आली तर आपल्या जिल्ह्यात कुठे दाखवायचं त्याची चिठ्ठी, एवढं महापालिका आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर सहज होईल. तुम्ही हे पत्र पालख्या यायच्या निदान महिनाभर आधी छापलंत तर शिबिरवाल्यांना तयारीला वेळ मिळेल, आणि पेठांमधल्या ज्या मंडळांना मेडिकलची माणसं मदतीला हवी असतील त्यांच्यासाठी मी आणि धायरीतले आणखी काही फार्मासिस्ट यायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे