साहेब, समुद्रातून आणलेला कचरा ठेवायचा कुठे?

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मासेमारी बंदरांवर समुद्रातला कचरा उतरवून घेण्याबाबत

साहेब, नमस्कार.

मी मुंबईतल्या वेसाव्याची (वर्सोव्याची). नवरा आणि मुलगा होडीवर जातात. मासळी निवडणं, सुकवणं आणि विकणं माझ्याकडे. सध्या पावसाळ्याची मासेमारी बंदी आहे, होड्या वर ओढल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत, म्हणून लिहायला सवड मिळाली. काल दुपारी डोल, म्हणजे आमचं पिशवीसारखं जाळं, मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या टोकाकडचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक असतात. त्यांत अडकून सुकलेलं सगळं नखाने काढावं लागतं. गुटख्याच्या पुड्या, चिप्सच्या पाकिटाची चंदेरी सालं, हाराला गुंडाळलेला जरीचा दोरा, कुणाच्या तरी औषधाची पट्टी. एका डोलीला माझी अख्खी दुपार गेली.

जवळा निवडताना बाटल्यांचा त्रास होत नाही. बाटली दिसते, हाताला लागते, बाजूला टाकता येते. त्रास होतो तो दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याचा. सकाळी घाईत कात्रीने कापतो ना आपण, तो त्रिकोणी तुकडा. ओल्या जवळ्यात तो जवळ्यासारखाच पांढरट, बुळबुळीत दिसतो. सुकल्यावर उठून दिसतो, पण तोवर जवळा गिऱ्हाइकाच्या डब्यात गेलेला असतो. पंधरा वर्षं माझ्याकडूनच जवळा नेणाऱ्या एक बाई गेल्या दिवाळीआधी असा एक निळा तुकडा कागदात बांधून घेऊन आल्या. भांडल्या नाहीत, कागद माझ्या पाटीवर ठेवला आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

हा कचरा आमच्या डोलीत का येतो, ते आधी सांगते. किनारा साफ करायच्या बैठकांमध्ये हे कुणी विचारत नाही.

ओहोटीला मालाडच्या खाडीचं पाणी बाहेर पडतं. त्यात ओशिवरा नदी आली, नाले आले. हे गढूळ, गोडसर पाणी वजनाला हलकं, त्यामुळे ते बाहेरच्या खाऱ्या पाण्यावर पसरत जातं. दोन्ही पाणी भेटतात तिथे फेसाची एक लांब रेघ उठते. होडीवरून स्पष्ट दिसते, अलीकडे मातकट, पलीकडे हिरवं. त्या रेघेवर पाणी खाली बुडी मारतं, पण तरंगणाऱ्या वस्तूला बुडता येत नाही, मग ती तिथेच अडकते. म्हणून त्या रेघेवर चपला, थर्माकोल, नारळ, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या अशा रांगेने लागलेल्या असतात, जणू कुणी मांडून ठेवल्यात. वारा जोराचा असला की वाऱ्याच्या दिशेने अशाच बारीक रेघा उमटतात, कारण तेच. आणि बारीक मासळीही त्या रेघेवरच गोळा होते. पक्षी तिथे घिरट्या घालतात, आम्हीही तिथेच जातो.

भरती लागली की ही सगळी रांग उलटी फिरते. एकच बाटली खाडीतून बाहेर आणि बाहेरून खाडीत, चार-चार दिवस ये-जा करत असते. माझा मुलगा तिला पासधारक म्हणतो.

सगळा कचरा एकसारखा वागत नाही, हेही लक्षात घ्या. झाकण लावलेली रिकामी बाटली अर्धी पाण्याबाहेर असते, ती वाऱ्याचं ऐकते. पातळ पिशवी पाण्याच्या आत असते, ती प्रवाहाचं ऐकते. पाण्याची बाटली उघड्या तोंडाची असेल तर सरळ तळाला जाते, कारण तिचं प्लास्टिकच पाण्यापेक्षा जड. पिशवीवर शेवाळ चढलं, बारीक शिंपले चिकटले की तीही खाली जायला लागते. वरवरचं पाणी चाळणाऱ्या यंत्रबोटीला हे काही मिळत नाही. डोलीला मिळतं. डोल खुंटांना बांधलेली असते, तोंड पाण्याच्या ओढीकडे, आणि ती ओढ आणेल ते सगळं पोटात घेते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मासळी जास्त, तसाच कचराही जास्त. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, दोन्ही कमी.

पावसाळ्यात वारा समुद्रावरून जमिनीकडे असतो, म्हणून जूनपासून समुद्र साठवलेलं सगळं परत करतो. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, लाटांनी गेटवे ऑफ इंडियासमोर कचऱ्याचा ढीग आणून टाकला होता. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले, हळहळले. आमच्याकडे तसा छोटा तौक्ते दर अमावास्या-पौर्णिमेला येतो. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे, त्यामुळे वेसाव्याच्या वाळूवरचा कचरा वेसाव्याचाच असेल असं नाही. कुणाचा कचरा, यावर भांडण्यात अर्थ नाही.

आमच्या किनाऱ्याचं नाव जगभर झालं ते २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये वकील अफरोज शाह यांनी किनाऱ्याची सफाई सुरू केली तेव्हापासून. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. मार्च २०१८ मध्ये इथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण आता जो येतो तो रविवारी सकाळी येतो. समुद्राला रविवार ठाऊक नाही, त्याला तिथी कळते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते, हा हिशोब आमच्याकडे शेंबडं पोरही करतं. अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दुपारी, पाणी उतरताना, वाळूवर सगळ्यात वरच्या रेघेला सगळ्यात जास्त कचरा पडलेला असतो. तो मध्यरात्रीच्या भरतीआधी उचलला तर उचलला, नाहीतर त्यातला बराचसा परत पाण्यात किंवा कांदळवनात. तिवरांच्या मुळांत अडकलेली पिशवी काढायची म्हणजे गुडघाभर चिखल आणि अर्धा तास. सफाईचं टेंडर काढताना वेळापत्रकात वार न घालता तिथी घाला, खर्च एक रुपयानेही वाढणार नाही.

पण माझी मुख्य मागणी ती नाही.

दोन वर्षांपूर्वी, बंदी उठल्यावरच्या पहिल्या उधाणाला, आमच्या होडीवरच्यांनी ठरवलं की डोलीत आलेला कचरा परत पाण्यात टाकायचा नाही. बर्फाच्या रिकाम्या गोण्या होत्या, त्या भरल्या. तीन दिवसांत सात गोण्या झाल्या. होडीत तेवढी जागा मासळीला कमी पडली, खलाशी कुरकुरले, तरी आणल्या आणि जेट्टीवर ठेवल्या. कचऱ्याच्या गाडीवाल्याने हात लावला नाही. म्हणाला, हा समुद्राचा, आम्ही घराचा उचलतो. एका कार्यालयात गेले, त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, जेट्टीवर कचरा टाकल्याबद्दल तुम्हालाच दंड होऊ शकतो. गोण्या अकरा दिवस तिथे राहिल्या. कुत्र्यांनी दोन फाडल्या. मग उधाण आलं, रात्रीतून पाणी चढलं आणि सकाळी जेट्टी स्वच्छ.

तेव्हापासून आमच्या होडीवर कुणी गोणी भरत नाही. मीही सांगत नाही.

या राज्यात रोज शेकडो डोली समुद्रात लागतात. कचरा बाहेर काढायला कुठलीही नवी बोट घेऊ नका, त्या डोली तो आधीच काढताहेत. फक्त तो उतरवायला जेट्टीवर जागा नाही, म्हणून तो परत पाण्यात जातो. जागा हवी ती छप्पर असलेली, उधाणाच्या रेघेच्या वर, आणि तिच्यावर एकाच खात्याची पाटी. आज जेट्टी एकाची, वाळू दुसऱ्याची, कांदळवन तिसऱ्याचं, नाला चौथ्याचा. पाटीवर तुमच्या खात्याचं नाव लागलं तर आम्हाला निदान भांडायला कुठे जायचं ते कळेल.

हे जमण्यासारखं आहे. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ पासून ‘शुचित्व सागरम’ नावाने हेच सुरू झालं. मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक बंदरावर आणतात, तिथे बायका ते धुतात, निवडतात, यंत्रात बारीक करतात आणि तो चुरा रस्त्याच्या डांबरात जातो. निवडायला बायका ठेवल्यात हे मला विशेष आवडलं. निवडण्यात आमचा हात कुणी धरू शकत नाही, आणि बंदीचे दोन महिने आम्हाला रोजगार नसतो.

आपल्या राज्यानेही याच्याजवळचं एक काम केलेलं आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २०१८ च्या शेवटापासून त्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. त्यानंतर कोकणातल्या मच्छीमारांनी किती कासवं सोडली ते तुमच्या फायलींत असेलच. कोळी पैशासाठी कासव सोडत नाही, पण नुकसान आपल्या एकट्याच्या डोक्यावर पडणार नाही एवढी खात्री असली की हात लवकर चालतो. कचऱ्याने डोल फाटते, इंजिनाच्या पंख्यात नायलॉन गुंतून होडी समुद्रात बंद पडते, त्याचा साधा पंचनामाही होत नाही.

एक मात्र करू नका. कचऱ्याचे किलोवर पैसे देऊ नका. किलोवर पैसे दिले की गोणीत ओली वाळू येते, शेजारच्या वस्तीतला कचरा येतो, आणि वर्षभरात योजना बदनाम होऊन बंद पडते. मजुरी निवडणाऱ्या बाईला द्या, भरपाई फाटलेल्या जाळ्याला द्या. गोणी आणणाऱ्याला फक्त गोणी ठेवायला जागा द्या.

आमचाही हात यात आहे, तो लपवत नाही. तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे, बोये, बर्फाच्या थर्माकोलच्या पेट्या, ऑइलचे डबे, खलाशांच्या पुड्या, हे सगळं आम्हीही समुद्रात सोडतो. सोडलेलं जाळं मासेमारी थांबवत नाही, ते धनी नसताना मारत राहतं. जुनी जाळी जमा करायची जागा त्याच छपराखाली असेल तर आम्ही टाकणार नाही, आणि त्यातूनही कुणी टाकलंच तर त्याला दंड करा. आमची मच्छीमार सोसायटी तुमच्या बाजूने उभी राहील, निदान मी तिथे भांडेन.

२०१० च्या ऑगस्टमध्ये एमएससी चित्रा जहाजावरचे कंटेनर मुंबईच्या तोंडाशी समुद्रात पडले, तेव्हा मुंबई आणि जेएनपीटी ही बंदरं काही दिवस बंद ठेवली होती. तरंगणारा कंटेनर सगळ्यांना दिसतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा फक्त निवडणारीला दिसतो, म्हणून हे पत्र.

१ ऑगस्टला होड्या निघतील. पहिल्या उधाणात डोली भरतील, मासळीने आणि बाकीच्यानेही. मी मुलाला सांगितलंय, या वर्षी पुन्हा सात गोण्या घे. त्या जेट्टीवर कुठे उतरवायच्या आणि कुणाच्या ताब्यात द्यायच्या, ते त्याआधी कळवावं, ही विनंती.

आपली,
वेसावे कोळीवाड्यातली एक मासळी विकणारी