तळमजल्यावरच्या जागेबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, बाबा गप्प होतात आणि आई काहीतरी निमित्त काढून फोन ठेवते. म्हणून या वेळी लिहूनच पाठवतेय. सावकाश वाचा, आणि मग भांडा.

बाबा, तुमचं म्हणणं असं, की भर गावातली ती जिन्याची जुनाट जागा सोडावी, शहराबाहेर एखाद्या नव्या संकुलात लिफ्ट आणि पार्किंग असलेला फ्लॅट घ्यावा, म्हणजे तुम्हालाही येऊन राहता येईल. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. तुम्हीच इथे या. माझ्याच गल्लीत, चार दारं सोडून, तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा रिकामी होतेय.

जिना तुमच्या डोक्यातून जाणार नाही, म्हणून आधी त्याचंच. इथल्या इमारती चार-पाच मजल्यांवर थांबतात त्याला कुणाची सौंदर्यदृष्टी कारणीभूत नाही. माणसं त्याहून जास्त चढायला तयार नव्हती, एवढंच. एलिशा ओटिसच्या सुरक्षित लिफ्टने माणसांची ने-आण सुरू झाली ती न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात, १८५७ साली. तोवर पॅरिससारख्या शहरात पैसेवाले खालच्या मजल्यांवर राहत आणि नोकरमाणसं माळ्यावर. लिफ्ट आली आणि उंची महाग झाली. माझा तिसरा मजला तुम्हाला झेपणार नाही हे मला मान्यच आहे, पण त्यासाठी अख्खी वस्ती कशाला सोडायची?

आता खरं कारण लिहिते. काचबिंदू निघाल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला गाडी चालवायला मनाई केली. तेव्हापासून तुम्ही वाचनालयात जाणं सोडलंत, आणि दाढीचं ब्लेड संपलं तरी कुणाला तरी सांगावं लागतं म्हणून कधीकधी दाढीच टाळता. हे मला आईने सांगितलं, तिच्यावर रागावू नका. आणि आई तर गाडी चालवायला कधी शिकलीच नाही. तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन, कुणाची तरी वाट बघत बसलेली आई मी लहानपणापासून बघतेय. तुमच्यावर आत्ता जी वेळ आलीय, ती तिने आयुष्यभर काढली. तुमच्या दोघांच्याही ते कधी लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

त्या तळमजल्याच्या दारातून डावीकडे वळलं की औषधांचं दुकान सहाव्या दारात. त्यापुढे भाजी, मग डाकघर. डॉक्टरांचा दवाखाना चौक ओलांडून, वाचनालय त्याच्या मागच्या गल्लीत. सगळं मिळून अर्ध्या किलोमीटरच्या आत. पण अंतरापेक्षा मी बसायच्या जागा बघितल्या, कारण बाबांचा गुडघा किती वेळ साथ देतो ते मला माहीत आहे. औषधांच्या दुकानाबाहेर एक बाक आहे. डाकघराला रुंद दगडी ओटा आहे, सकाळी सावलीत असतो. चौकात झाडाभोवती पार बांधलाय. दवाखान्यापासून वाचनालयापर्यंतच्या टप्प्यात मात्र काहीच नाही. तिथे एका बंद दुकानाच्या खिडकीची कड बसण्याएवढी आहे, पण ती आईलाच पुरेल, बाबांना कमी उंच पडेल.

बाबा, तुमच्यासाठी एक हिशोब. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे हे ठरवताना बऱ्याच देशांत माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरत आले आहेत. गुडघा धरून चालणारा माणूस ०.८ ने चालला तरी बरं म्हणायचं. तुमच्या घरासमोरचा रस्ता २४ मीटर धरा. सिग्नल देणार २० सेकंद, तुम्हाला लागणार ३०. शेवटचे १० सेकंद गाड्यांच्या मेहेरबानीवर. आमची गल्ली ६ मीटरची आहे. तुमच्या चालीने साडेसात सेकंद, आणि इथे सिग्नलच नाही, कारण दर चाळीस-पन्नास पावलांवर वळण असल्यामुळे गाडीला वेगच घेता येत नाही.

मग नव्या वस्त्या अशा का बांधत नाहीत, हे तुम्ही विचारणारच. कारखान्यांचा धूर घरांपासून लांब ठेवावा म्हणून जमिनीच्या वापराचे विभाग पाडले गेले, आणि ते तेव्हा योग्यच होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात अशा विभागणीवर शिक्कामोर्तब केलं. पण कारखान्यासोबत बिचारं कोपऱ्यावरचं दुकानही हद्दपार झालं. त्यात भर म्हणून प्रत्येक घरामागे इतक्या गाड्यांची जागा सोडा, असे नियम ठिकठिकाणी आले. गाड्यांना जागा दिली की इमारती एकमेकींपासून लांब जातात, लांब गेल्या की चालणं होत नाही, आणि मग आणखी गाड्या लागतात. आमची वस्ती या सगळ्याच्या आधीची आहे. आज कुणी हीच गल्ली नव्याने बांधायचा नकाशा दिला, तर बहुधा मंजूर होणार नाही.

आई, तुझी काळजी रात्रीची. जेन जेकब्ज नावाच्या एक बाई होत्या, न्यूयॉर्कमध्ये राहायच्या. शिक्षणाने ना वास्तुविशारद, ना नगररचनाकार; लिहिणाऱ्या. त्यांनी १९६१ साली मांडलं, की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे आणि खिडकी-दुकानातून सहज बाहेर बघणाऱ्यांमुळे. पोलिसांचा नंबर त्यानंतर. त्यासाठी एकाच गल्लीत घरंही हवीत, दुकानंही हवीत आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी लोकांना तिथे काम हवं. माझ्या इमारतीच्या खाली एक शिंपी रात्री उशिरापर्यंत खिडकीशी मशीन लावून बसतो. मी आले की तो मान वर करतो, मी बघते, आणि तो परत टाके घालायला लागतो. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. पण एखाद्या रात्री माझ्यामागून कुणी आलं, तर ते त्याला दिसेल एवढं मला माहीत आहे. संकुलाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल पोरगी जाहिरात करतेय. तर आता ऐका.

पहाटे माल उतरवायला टेंपो येतात. शनिवारी रात्री चौकातली बडबड दोनपर्यंत चालते, आणि तळमजल्यावर ती थेट कानात. गल्लीतल्या बऱ्याच जागा आता पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतात. त्यांच्या चाकांच्या बॅगा दगडी फरशीवरून खडखडत गेल्या की झोपलेला माणूस उठून बसतो. ती फरशी दिसायला सुंदर, पण काठी टेकणाऱ्याला त्रासाची; दोन दगडांच्या फटीत काठीचं टोक अडकतं. गल्लीच्या मधोमध गुळगुळीत पट्टा करून घेतलाय, तुम्हाला त्यावरूनच चालावं लागेल, आणि पावसात तोही निसरडा होतो. काठीला रुंद रबरी बूड लावून घ्या.

बाबा रुग्णवाहिकेचं विचारतील. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब आहेत, ते आडवे करता येतात. रुग्णवाहिका आत येते, पण हळू, आणि समोर मालाचा टेंपो उभा असेल तर खोळंबा होतो. हे मी लपवत नाही.

सगळ्यात मोठी कटकट मागच्या भिंतीची. कंबरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागलाय. आधी कुणीतरी चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा फासून ठेवलाय. विटा आणि चुना ओल शोषतात आणि सोडतात; सिमेंट ती आत कोंडतं, मग ओल वरवर चढत जाते आणि विटांचे पापुद्रे सुटतात. गिलाव्याचा एक सुटलेला तुकडा मी हाताने काढून बघितला. तुकडा टणक, आणि मागची वीट अशी भुसभुशीत, की बोटाला लाल भुकटी लागली. मालक सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा करून द्यायला तयार आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कडक होतो, त्यामुळे घाई चालत नाही. त्या खोलीत तुम्हाला लगेच झोपता येणार नाही, पुढच्या खोलीत दोन पलंग मावतात.

वस्ती संरक्षित असल्यामुळे रस्त्याकडची बाजू बदलता येत नाही. खिडक्या लाकडीच राहणार, दारातल्या दोन दगडी पायऱ्याही राहणार. आत मात्र आपल्याला हवं ते करता येतं: न्हाणीघरात धरायला दांडे, उंच कमोड, उंबऱ्याला उतार. पायऱ्यांशी भिंतीला भोक न पाडता उभा राहणारा कठडा बसवायची परवानगी मागितली आहे.

भाडं तुमच्या अंदाजापेक्षा जास्त आहे आणि दरवर्षी वाढणार. पॅरिसचा मारे भाग एके काळी मोडकळीला आला होता. १९६२ च्या मालरो कायद्यामुळे तो वाचला, आणि मग तिथल्या कामगार-कारागिरांनाच तिथे राहणं परवडेनासं झालं. इथेही थोडंफार तेच चाललंय, आणि मी स्वतः त्यातलीच आहे. माझ्या आधी माझ्या जागेत राहणारं कुटुंब कुठे गेलं ते मी कधी विचारलं नाही. चपला शिवणाऱ्याच्या गाळ्यात आता शोभेच्या वस्तूंचं दुकान आहे. ज्या दिवशी या गल्लीत दहा तऱ्हेच्या भेटवस्तू मिळतील आणि एक स्क्रू मिळणार नाही, त्या दिवशी चालत जाण्याला काही अर्थ उरणार नाही, आणि तेव्हा मीही तुमच्यासोबत संकुलातला फ्लॅट बघायला येईन. आज स्क्रू मिळतो.

घर विकायचं वगैरे आत्ता काहीच नको. कुलूप लावा, किल्ली शेजारी ठेवा आणि दोन-तीन महिने राहून बघा. बाबा, पहिल्या आठवड्यात तुम्हाला एकटेपण येईल, ओळखीचं कुणी नसेल, हेही सांगून ठेवते. वाचनालयाचं सभासदत्व मात्र रहिवाशांना लगेच मिळतं, आणि तिथे मोठ्या अक्षरांची पुस्तकं वेगळ्या मांडणीवर आहेत, बघून आले.

मालकाला महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. नाही म्हणायचं असेल तर तसंही कळवा, मी रुसणार नाही. पण बाबांनी एकट्याने नाही म्हणू नये. आई, तुझं उत्तर मला वेगळं हवं.

आणि हो, आई, तुझं ते लाकडी कपाट आणायचंच असं तू म्हणणार. दाराची मोकळी रुंदी ७८ सेंटिमीटर आहे आणि आत शिरल्या शिरल्या वळण आहे. कपाटाची रुंदी, खोली, उंची तिन्ही मोजून कळव. बाबांकडून मोजून घे, तू टेप सैल धरतेस.

तुमची,
मनू