पुरस्काराची निम्मी रक्कम अनुवादकाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गडहिंग्लजच्या एका सार्वजनिक वाचनालयात गेली बावीस वर्षे मी पुस्तकांची देवघेव पाहतो. कर्नाटकातले संकेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. आमच्या बऱ्याच सभासदांच्या घरी कन्नड बोलतात आणि पुस्तके मात्र मराठीतून वाचतात. आमच्या दाखल नोंदवहीत दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पृष्ठे, किंमत असे छापील रकाने आहेत. अनुवादकाचा रकाना नाही. कन्नड लेखक एस. एल. भैरप्पांची कादंबरी आली की लेखकाच्या रकान्यात भैरप्पा लिहायचे आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायचे. पण पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका काय विचारतात? ‘उमाताई कुलकर्णींचं नवीन काही आलंय का?’ विरुपाक्ष कुलकर्णींनी कन्नड वाचून दाखवायचे आणि उमाताईंनी ते मराठीत उतरवायचे, अशी या दांपत्याची वर्षानुवर्षांची मेहनत. ती आमच्या वाचकांना नावानिशी ठाऊक आहे, वहीत मात्र तिला जागा नाही.

हे पत्र लिहितो आहे ते एका बंद पडलेल्या पुरस्काराबद्दल. दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा डीएससी पुरस्कार 2011 साली जयपूरला पहिल्यांदा दिला गेला, तो पाकिस्तानच्या एच. एम. नक्वी यांना. पुढच्या वर्षी श्रीलंकेचे शेहान करुणातिलक त्याचे मानकरी ठरले. त्यांना बुकर मिळायला त्यानंतर दहा वर्षे लागली, म्हणजे या पुरस्काराची नजर किती आधी पोचली होती ते पाहा. सुरुवातीची वर्षे सोहळा जयपूरलाच होत असे. नंतर तो पालखीसारखा मुक्काम बदलत गेला: श्रीलंकेत गॉल, बांगलादेशात ढाका, मग कोलकाता आणि नेपाळात पोखरा. ज्या देशांचे एकमेकांशी धड बोलणे नसते, त्यांचे लेखक एका यादीत शेजारी शेजारी बसत होते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

त्यातले कोलकात्याचे वर्ष मी विसरू शकत नाही. जानेवारी 2019 मध्ये 2018 चा पुरस्कार जयंत कायकिणी यांच्या ‘नो प्रेझेंट्स प्लीज’ला मिळाला. अनुवादित पुस्तकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. गोकर्णचा हा माणूस मुंबईत अनेक वर्षे नोकरी करून राहिला आणि त्याने मुंबईच्या कथा कन्नडात लिहिल्या. तेजस्विनी निरंजना यांनी त्या इंग्रजीत नेल्या. पंचवीस हजार डॉलरची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली गेली. मी ते पुस्तक डिक्शनरी शेजारी घेऊन इंग्रजीतून वाचले. ऑपेरा हाऊस थिएटर झाडणाऱ्या माणसाला खुर्च्यांमध्ये कुणाचा तरी विसरलेला थर्मास सापडतो, ती कथा वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. मुंबई आपली, कन्नड आमच्या शेजारच्या गल्लीतले, आणि मधे उभी इंग्रजी! पुरस्काराच्या अटीतच पुस्तक इंग्रजीत असणे आवश्यक होते. मूळ इंग्रजीत लिहिलेले असो वा अनुवादित, परीक्षकांपुढे जायचे ते इंग्रजीतूनच. त्याची मर्यादा हीच होती आणि ती मान्य करायला हवी.

पोखऱ्याच्या सोहळ्यानंतर हा पुरस्कार थांबला. खाजगी देणगीवर चालणाऱ्या उपक्रमाचे असे होऊ शकते, त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. पण दुसरीकडे काय चालते ते पाहू या. उत्तर युरोपातल्या देशांच्या नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार 1962 पासून दिला जातो, कारण त्यामागे सरकारांचा सामाईक निधी आहे. तिथे आइसलँडिक, फिनिश, सामी, ग्रीनलँडिक अशा भाषांतल्या नामांकित पुस्तकांचा परीक्षकांसाठी स्कँडिनेव्हियन (डॅनिश, नॉर्वेजियन किंवा स्वीडिश) भाषेत अनुवाद करून घेतला जातो. निकाल लागण्याआधीच अनुवाद! हरलेले पुस्तकसुद्धा दुसऱ्या भाषेत पोचलेले असते. ग्रीनलँडिक बोलणारी माणसे लाखभरसुद्धा नाहीत, तरी त्यांच्यासाठी ही सोय आहे.

आपल्याकडे साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार 1989 पासून आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण मूळ लेखनाच्या पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये आणि अनुवादाची पन्नास हजार. इंग्रजीत अनुवादित पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुकरचे पन्नास हजार पौंड मात्र लेखक आणि अनुवादक दोघांत सारखे वाटतात. 2025 मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक आणि त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांना ते तसेच मिळाले. त्या दिवशी कन्नडचे कौतुक साऱ्या जगाने केले. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या किती बातम्यांत दीपा भास्तींचे नाव मथळ्यापर्यंत पोचले?

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने समारंभ झाले, फलक लागले. माझी मागणी अशी की महाराष्ट्र शासनाने पुढाकार घेऊन दक्षिण आशियाई भाषांसाठी एक पुरस्कार उभा करावा आणि त्याची रचना नॉर्डिक धर्तीवर असावी. सिंहली, नेपाळी, बांगला, सिंधी, तमिळ, उर्दू यांतली पुस्तके मराठीत यावीत आणि मराठीची त्या भाषांत जावीत, शक्य तिथे थेट. बांगलातून मराठीत थेट अनुवाद करणारी माणसे आपल्याकडे होती आणि आहेत. सिंहलीतून करणारे नसतील तर दोन तरुणांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबोला पाठवावे. रक्कम लेखक-अनुवादकात निम्मी निम्मी. निवडलेल्या पुस्तकांच्या प्रती तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत पोचाव्यात, नाहीतर आमच्यासारख्यांच्या हाती फक्त बातमीचे कात्रण उरते. आणि तो पुरस्कार कुणा एका देणगीदाराच्या मर्जीवर सोडू नये, त्याला अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी.

शासनाचे शासन पाहील, पण एक विनंती आपल्याला. आपल्या पुस्तक परिचयाच्या पानावर अनुवादित पुस्तकाची माहिती देताना अनुवादकाचे नाव लेखकाच्या नावाखाली त्याच टायपात छापावे. आमच्या वहीत मी गेल्या महिन्यात पट्टी घेऊन लाल शाईने ‘अनुवादक’ असा रकाना आखला आहे. जुन्या नोंदी भरायचे काम चालू आहे, सध्या भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’पर्यंत आलो आहे.

आपला,
ग्रंथालयातील एक कार्यकर्ता,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर