मार्कावाल्या नानांना

नाना, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. पाटणकडचं कुणीतरी वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही स्वतः चष्मा लावून बसलात तर मजकूर राहील बाजूला, आधी टायपातल्या अक्षरांना नावं ठेवाल.

मी तुर्भ्याची. मसाला मार्केटात मिरचीचे देठ खुडायला येणाऱ्या बायकांपैकी एकीची मुलगी. दोन वेण्या, वाहतं नाक. तुम्ही मला 'शिंकरी' म्हणायचात. आता आठवलं असेल.

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते, आणि त्या वर्षापासून आई गाळ्यावर जायला लागली. उन्हाळा म्हणजे मिरचीचा हंगाम. घरोघरी वर्षाचा मसाला करायचा असतो, पार ठाण्या-कल्याणहून बायका मिरची घ्यायला येतात. आमची मे महिन्याची सुट्टीही त्यातच. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी पोत्यांच्या थप्पीमागे. ब्याडगी त्यातल्या त्यात बरी, सुरकुतलेली, रंगाला गडद, तिखटाला बेताची. संकेश्वरी नाहीतर तेजा आली की बायकांचे चेहरेच उतरायचे. तिखट असतं ते मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत. देठ ओढताना मिरची फाटली की ते बोटांना लागतं आणि पाण्याने काही केल्या जात नाही. आई घरी येऊन आधी हाताला गोडंतेल चोळायची, मग साबण लावायची. तरी माझ्या तोंडाला हात लावायची नाही. हंगाम सरेपर्यंत ती मला कुरवाळायची ते मनगटाच्या उलट्या बाजूने.

बाकी हाल सगळ्यांचे असतात तसेच. नळाचं पाणी, पत्र्याचं छप्पर, शाळेत 'हिच्या दप्तराला ठसका लागतो' म्हणून बाक बदलून घेणाऱ्या मुली. त्यावर मी फार लिहीत नाही.

तुम्ही बसायचात शेवटच्या गाळ्याच्या ओट्यावर. समोर काळ्या शाईचा डबा, बुटका ब्रश आणि पत्र्याची कापलेली अक्षरं. पोतं पुढ्यात आलं की पत्रा ठेवायचा, ब्रश दोनदा फिरवायचा, मार्का तयार. मला ती जादू वाटायची. एकदा मी तुमच्यासारखा पत्रा करायला गेले. वहीच्या पुठ्ठ्यातून ब्लेडने 'व' कापला आणि त्याच्या पोटातला तुकडा टपकन खाली पडला. उरलं नुसतं भोक. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पोट पडलं की अक्षार आंधळं. दांडी सोड." मग 'व'च्या पोटाला बाहेरच्या पत्र्याशी धरून ठेवणाऱ्या दोन बारीक दांड्या बोटाने दाखवल्यात. मी इतकी वर्षं पोत्यांवरची अक्षरं बघत होते, पण त्यातल्या त्या फटी मला कधी दिसल्याच नव्हत्या.

पुढच्या तीन सुट्ट्या मी तुमच्या ओट्यावर काढल्या. छन्नी कशी तिरकी धरायची, कापलेल्या कडेवर कानस कधी फिरवायची, शाई पातळ झाली की ती पत्र्याखाली कशी पसरते. तुम्ही एकदाही 'बापाविना पोर' असं काही बोलला नाहीत. गाळ्यावरचे इतर लोक बोलायचे, खाऊही द्यायचे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही फक्त पत्रा बघायचात. "रेघ हलली. पुन्हा काप."

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले तेव्हा पोस्टर कलरचा डबा तुम्ही वाशीहून आणून दिलात. वस्तुचित्र घसरलं, स्मरणचित्र बेताचं. अक्षरलेखनाला मात्र मी पट्टीला हातही न लावता बसले होते. 'सी' ग्रेड आली. तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "शी म्हंजे चांगली का वंगाळ?" मी म्हटलं, पास. "मग झालं."

दहावीनंतर आईने मला कामाला लावायचं ठरवलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. तुम्ही तिला समजवायला गेला नाहीत, शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगितलं नाहीत. नव्या हंगामाचे सगळे पत्रे माझ्याकडून कापून घेतलेत आणि शनिवारी हिशोब करून पैसे तिच्या हातात ठेवलेत. माझ्या नाही, तिच्या. "पोरीच्या हाताचं हाय," एवढंच बोललात. त्या वयात मला कामाला लावणं कायद्यात बसत होतं का, मला माहीत नाही. कुणी विचारलं तर मी तुमच्याच बाजूने बोलेन. आईने ते पैसे दोनदा मोजले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "ते चित्राचं कॉलेज कुठं असतं?"

ते असतं सीएसएमटीजवळ, नाना. 1857 पासून आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथे मी छापचित्रं शिकले. तिथे कळलं की मथुरेत कागदाला असेच बारीक कातर देऊन सांझी काढतात, आणि तिथेही दांडी सोडावीच लागते. चित्तप्रसाद नावाचे चित्रकार होते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळातली माणसं त्यांनी काढली, आणि पुढे आपल्या मुंबईत, अंधेरीला राहून राबणाऱ्या पोरांची लिनोकट चित्रं केली, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेली. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रडू आलं नाही. मी कडा बघत बसले. रेघ कुठेच हललेली नव्हती.

आता लोक चित्रं बघायला येतात आणि आधी विचारतात, लहानपणी किती सोसलंत? मी सांगते थोडंफार. पण मग ते चित्राकडे नीट बघतच नाहीत, माझ्याकडेच बघत राहतात. तेव्हा तुमचा ओटा फार आठवतो.

एक चित्र मात्र तुम्हाला सांगायचंच आहे. मिरचीचा लाल रंगही पाण्यात नाही, तेलात उतरतो. मी ब्याडगी तेलात मुरवली, आईचे दोन्ही तळवे त्यात बुडवले आणि रिकाम्या बारदानावर ठेवले. आई म्हणाली, "आता परत हाताची आग करतेस होय गं?" ब्याडगीच होती, फार झालं नाही. भोवतीने तुमच्या पद्धतीचा पत्रा लावून गाळ्याचा नंबर मारला. आमच्या सरांनी बजावलं होतं की हा रंग उजेडात टिकणार नाही, आणि ते खरं निघालं. खिडकीशी ठेवलेलं बारदान दोन महिन्यांत पिवळट पडलं. दुसरं केलं, तेही उडतंय. मी ते थांबवलेलं नाही. तुम्ही याला वाया गेलेला माल म्हणाल, आणि त्यावर आपलं भांडण होईल. ते मला हवंय. मुंबईला आलात की तुर्भ्याला उतरा, मी स्टेशनवर घ्यायला येते.

आणि अजून एक. सहावीत असताना तुमच्या डब्यातला 'ळ' हरवला होता. तुम्ही सगळा ओटा पालथा घातलात, हमालांना शिव्या घातल्यात, आणि त्या आठवड्यातली हळदीची सगळी पोती 'ळ' हाताने काढून पाठवलीत. तो मी नेला होता. त्याला दोन पोटं होती, चार दांड्या होत्या, आणि कशा कापल्या असतील ते मला रात्री घरी बसून बघायचं होतं. परत ठेवायची हिंमत झाली नाही. अजून माझ्याकडे आहे. एका बाजूने थोडा गंजलाय.

तुमची,
शिंकरी