पाजण्याआधी बाळाला कॅरिअरमधून बाहेर काढायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघडं लिहिते आहे. तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्या एकटीच्या घरात ठेवण्यासारखं नाही.

लसीकरणाच्या खोलीबाहेरचा तो बाक तुम्हाला आठवतो का? चिनूची 14 आठवड्यांची लस होती. ती माझ्या छातीशी, बाळ अंगावर बांधायच्या कॅरिअरमध्ये बांधलेली, भुकेनं लालबुंद होऊन रडत होती, आणि माझ्या हाताला पाठीवरचं क्लिप लागत नव्हतं. हात मागे वळवून वळवून खांदा भरून आला होता. पान्हा फुटून कुडता ओला झाला होता. समोरून कुणीतरी म्हणालं, "अगं, तशीच पाज की आतल्या आत. त्यासाठीच तर असतं ते." मीही तेच करायला निघाले होते. पट्टे सैल करून तिला खाली सरकवत होते. तेवढ्यात तुम्ही उठून आलात. भाचीचं बाळ तुमच्या अंगावर झोपलं होतं, हळदी रंगाच्या हातमागाच्या कापडात. तुम्ही माझ्या मागे गेलात, एका हातानं क्लिप सोडवलंत आणि म्हणालात, "आधी तिला बाहेर काढू. मग पाज. मग बोलू."

आणि मी पाजत असताना तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात, आडोसा म्हणून. मी अजून तुमचे आभारसुद्धा मानले नव्हते.

मला कॅरिअर का हवं होतं, ते तेव्हा घाईत सांगितलं होतं. आई साताऱ्याला. ती अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि भाऊ परदेशात. दर आठवड्याला मला जाणं भाग होतं. कल्याणला कोयना एक्सप्रेस पकडायची, पुण्यावरून सातारा, सहा तासांच्या आसपासचा प्रवास, आणि सातारा स्टेशन गावाबाहेर, तिथून पुढे रिक्षा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बाळ, आणि डब्यात चढताना धरायला तिसरा हात नाही. म्हणून रात्री दोन वाजता तिला पाजता पाजता मोबाइलवर एक कॅरिअर मागवलं. त्यावर लिहिलं होतं की चालता चालता, हात मोकळे ठेवून पाजता येतं. मला दुसरं काही वाचायचंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तुमच्या घरी आले. तुम्ही पलंगाखालून ती लोखंडी पेटी ओढलीत, तेव्हा मला वाटलं होतं साड्या असतील. निघाली सगळी बाळं बांधायची कापडं, पट्टे, रिंगा. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात इतकी वर्षं नोकरी केलीत, कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी कापडानं बांधून दिलीत, त्याची ती पेटी. बाळ असं छातीशी ठेवायची ही कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी सुरू केली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून, हे मला तुमच्याकडून कळलं. एकेक कॅरिअर आठवडाभर वापरायला द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, फक्त धुऊन परत आणायचं, हा तुमचा नियमही त्याच दिवशी कळला.

मी विचारलं, "ताई, यातल्या कशात पाजता येतं?"

तुम्ही म्हणालात, "पाजायला तुझे हात आहेत. कॅरिअर हे पाजण्याच्या आधीसाठी आणि पाजून झाल्यावरसाठी. तू असं विचार, की यातल्या कशातून बाळ पटकन बाहेर येतं, आणि कशात ते एकटीला परत घालता येतं."

ताई, खरेदीच्या वेळी मी जे जे बघितलं होतं ते सगळं या एका प्रश्नानं बाजूला पडलं. किती खिसे आहेत, टोपी आहे का, बाळ बाहेर तोंड करून बसतं का, सगळं.

मग तुम्ही चिनूला मांडीवर घेऊन मला समजावलंत. लहान बाळाचं डोकं जड, मान कच्ची. कापडात ते खाली घसरलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडलेल्या पाइपसारखी बंद होत जाते. शिवाय पाजताना नाक आणि तोंड आईच्या अंगाशी दाबलं जातं. गुदमरणारं बाळ हातपाय झाडेल, आवाज करेल, असं आपण धरून चालतो. तसं होतंच असं नाही. ते शांत दिसतं, पोट भरून झोपल्यासारखं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये सात आठवड्यांचं एक बाळ असंच गेलं. आई घरातच होती, बाळ तिच्या अंगावरच्या स्लिंगमध्ये, म्हणजे बाळ अंगाशी बांधतात त्यात, दूध पीत होतं. त्यानंतर तिथल्या लल्लाबाय ट्रस्टनं, तान्ह्या बाळांचे अचानक होणारे मृत्यू टाळण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेनं, स्पष्ट सांगितलं की हात सोडून स्लिंगमध्ये पाजणं सुरक्षित नाही, आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळांना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना धोका सर्वांत जास्त. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं तर मार्च 2010 मध्येच इशारा दिला होता. आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित निदान 14 मृत्यू, त्यातली 12 बाळं चार महिन्यांच्या आतली.

हे ऐकताना मी चिनूकडे बघत होते. 14 आठवडे म्हणजे तिला चार महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या बाकावर तुम्ही उठून आला नसतात तर मी तिला तशीच पाजली असती, आणि गाडीतही तशीच पाजत राहिले असते. या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

माझं मागवलेलं कॅरिअर तुम्ही हातात घेतलंत, उलटंसुलटं केलंत, आणि फक्त खालची पट्टी मोजून दाखवलीत. चार बोटं रुंद. त्यात तिचे पाय सरळ खाली लोंबत होते, सगळा भार जांघेत. पायांचा आकार बसलेल्या बेडकासारखा हवा, गुडघे बुडापेक्षा वर, मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आधार, पाठीला किंचित गोलाई. खुब्याचा सांधा तयार होत असतो त्या वयात. आईचा खुबा मोडलेला असताना मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मग एकेक करून सगळं बांधून पाहिलं. ताणलं जाणारं पाच मीटरचं रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बांधायचं कापड, आधी घेतलं. मऊसूत, चिनू त्यात लगेच शांत झाली, बाळ काढता-घालताही येतं, पण एप्रिलच्या उकाड्यात अंगावर कापडाचे तीन थर, दहा मिनिटांत दोघी घामानं निथळलो. विणलेलं लांब रॅप मला फार आवडलं, पण बाळ काढलं की परत बांधायला साडेचार मीटर कापड, आणि त्याची टोकं प्लॅटफॉर्मवर लोळणार. 'मेई ताई' नावाचं चिनी पद्धतीचं कॅरिअर, चार पट्ट्यांचं, त्याची खांद्याची गाठ सैल केली की बाळ खाली येतं, तेही चांगलं वाटलं. क्लिपांचं कॅरिअर देताना तुम्ही एक अट घातलीत: पाठीवरचं क्लिप मला माझ्या हातानं लावता आणि काढता आलं पाहिजे, नवरा शेजारी उभा नसताना. मला आलं नाही. ते बाजूला ठेवलं.

शेवटी हळदी रंगाचं रिंग स्लिंग. दोन मीटरच्या आसपास सुती कापड आणि ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा. रिंगेवर बोट फिरवून सांधा नाही ना ते बघायला लावलंत, कारण जोड असलेली रिंग तिथेच उकलते. उरलेल्या कापडाला तुम्ही पदर म्हणता आणि ते अगदी तसंच दिसतं. मी म्हटलं हे आपल्याकडचंच असणार, तर तुम्ही सांगितलंत की रिंगांची ही रचना हवाईत राहणाऱ्या रेनर गार्नर यांनी 1981 मध्ये केली. मला मात्र ते लावणीच्या शेतात कडेवर पोर बांधलेल्या माझ्या आजीचंच वाटतं, अजूनही.

घट्ट करताना पदर एकगठ्ठा ओढायचा नाही. वरचा काठ वेगळा, मधलं कापड वेगळं, खालचा काठ वेगळा. सैल करायला वरची रिंग अंगठ्यानं उचलली की झालं, पण दुसरा हात बाळाच्या पाठीखाली आधीच हवा. हे तुम्ही मला चिनूवर करू दिलं नाहीत. पाच किलो तांदळाची पिशवी आणलीत आणि वीस वेळा करायला लावलंत. त्या वेळी जरा कंटाळले होते. पुढे पुणे स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात असताना माझी बोटं न बघता चालली.

तुमची तपासणी मी रोज म्हणायची, आणि आता माझ्या मैत्रिणींनाही म्हणायला लावते. कापड घट्ट आहे ना. तोंड दिसतंय ना. मान वाकवली की कपाळाचा पापा घेता येतो ना. हनुवटीखाली दोन बोटं मावतात ना. पाठ आधारलेली आहे ना.

कोयनेतला आमचा क्रम असा बसला. चिनू मूठ चोखायला लागली, डोकं इकडेतिकडे वळवायला लागली, की रडण्याची वाट बघायची नाही. ती छातीशी असल्यामुळे हे लगेच कळायचं, पाळण्यात असती तर रडल्यावरच कळलं असतं. खिडकीकडे तोंड करून बसायचं, रिंग उचलायची, तिला पूर्ण बाहेर घेऊन मांडीवर आडवी धरून पाजायची. सैल झालेलं कापड माझ्याच अंगावर आडोशाला. तिच्या तोंडावर काही नाही. पोट भरलं की खांद्यावर ढेकर, मग परत उभी छातीशी, तिन्ही काठ घट्ट. झोपायची ती तशीच, थेट साताऱ्यापर्यंत.

तोंडावर काही नाही, यावरून घरात थोडं झालं होतं. सासूबाईंना दृष्टीची काळजी, त्या प्रेमानं तिच्या डोक्यावरून ओढणी टाकायच्या. माझं ऐकेनात. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि त्यांना म्हणालात, "काकू, तीट लावा, दोन लावा. पण तिचं नाक मला दारातून दिसलं पाहिजे." त्या दिवसापासून त्या स्वतः बघतात, नाक दिसतंय का.

एकदा गाडी चुकली आणि पुण्याहून एसटीनं जावं लागलं. स्टँडवर हिरकणी कक्ष होता, पंखा चालू होता, खुर्ची स्वच्छ होती. शेजारी एक मुलगी बसली होती, ऊसतोडीहून परत निघालेली, जुन्या साडीची झोळी खांद्यावर. माझ्या रिंगा तिनं हातात घेऊन पाहिल्या, मीही तिची गाठ पाहिली. तिनं बाळाला झोळीतून जितक्या पटकन काढलं तितकं मला आजही जमत नाही. तुमची फार आठवण झाली तेव्हा.

सहा महिन्यांनंतर चिनू नाचणीची पेज खायला लागली, मान पक्की झाली, तेव्हा तुम्ही तिला कडेवर बांधायला शिकवलंत. तेव्हा मी पुन्हा विचारलं होतं, आता चालता चालता पाजू का. तुम्ही "नाही" म्हणालात, आणि कारण परत पहिल्यापासून सांगितलंत, न रागावता. आठ किलोच्या पुढे माझा उजवा खांदा दुखायला लागला. मग तुम्हीच रुंद बैठकीचं क्लिपांचं कॅरिअर काढलंत, पट्टे पाठीवर फुलीसारखे घालून क्लिप काखेखाली आणलंत, आणि मला एकटीला लावता आलं. आधी जे बाजूला ठेवलं होतं तेच हे, फक्त पट्टे वेगळे फिरवले.

आई आता काठी घेऊन अंगणात फिरते. चिनू अकरा महिन्यांची झाली, अजून अंगावर पिते, आणि दूध हवं असलं की माझ्या खांद्यावर रिंगेच्या जागी बोट ठेवते.

हळदी स्लिंग धुऊन, सावलीत वाळवून ठेवलं आहे. एका काठाला पेजेचा डाग राहिला, दोनदा घासूनही गेला नाही. रिंगांजवळ एक धागा सुटला आहे, तो मी ओढला नाही, कापलाही नाही. पुढच्या बाळाला द्यायच्या आधी तुम्ही शिलाई एकदा ताणून बघा. उल्हासनगरची जी मुलगी वाट बघते आहे म्हणालात, तिच्यासाठी तांदळाची पिशवी मी आणते. रविवारी चारच्या सुमाराला येऊ का?

तुमची,
चिनूची आई
डोंबिवली